क्रूसाची पायरी

आमच्या पोर्झकेल गावात चर्चच्या दाराबाहेर दगडी क्रूस आहे आणि त्याच्या पायाशी पायऱ्या आहेत. मार्च महिन्यात, किनाऱ्यावरच्या खडकांचं शेवाळ कापायच्या आदल्या रविवारी, प्रार्थना संपली की ज्यांच्या घरात घोडा नाही किंवा नवरा नाही, त्यांनी खालच्या पायरीवर जाऊन उभं राहायचं. बोलायचं काही नाही, मागायचं काही नाही. नुसतं उभं राहायचं. गाव बघतं आणि जेवायला घरी जातं. मग सोमवारची ओहोटी फक्त पायरीवाल्यांची. त्या दिवशी घोडेवाल्यांचे विळे खुंटीला टांगलेले असतात. मंगळवारपासून ते खडकांवर उतरतात आणि आम्ही पाय ठेवत नाही. नियम म्हणजे नियम.

मी त्या पायरीवर इतकी वर्षं उभी राहते आहे की माझ्या लाकडी बुटांनी दगड झिजला असेल. माझा एर्वान गेला त्या वर्षी लाज वाटली. पुढच्या वर्षी थंडी वाटली. त्यानंतर काही वाटायचं बंद झालं.

त्या वर्षी माझ्या शेजारी काटेल येऊन उभी राहिली.

काटेल म्हणजे गुल्व्हेनची सून. आणि गुल्व्हेन म्हणजे तारलीच्या दिवसांतला आमचा राजाच. गावातली सगळ्यात मोठी होडी त्याची. धक्क्याला लागला की आम्हा विधवांच्या टोपल्यांत ओंजळभर तारली टाकायचा, आमच्या तोंडाकडे न बघता. मासळी ताजी असायची, म्हणून आम्हीही त्याच्या तोंडाकडे बघत नव्हतो. मग तारलीनं आमचा किनारा सोडला. डबे भरायचा कारखाना बंद पडला, त्याच्या धुराड्यात कावळ्यांनी घरटी केली. एकेक होडी विकली गेली. गुल्व्हेनने आपली शेवटपर्यंत धरून ठेवली, पण मागच्या पानगळीत तीही गेली. त्याचा मुलगा तांगी ल हाव्रच्या गोदीत कामाला गेला. घरात उरले सासरा आणि सून, आणि टेकाडावरचं वाळूचं एक शेत.

शेत खंडाचं. मालक केरुएल फेब्रुवारीत येऊन काटेलला सांगून गेला होता, "होडी होती तोवर तुम्ही शेवाळ होडीतून आणत होता. आता कशातून आणणार? ईस्टरच्या आत शेतावर खत पसरलेलं दिसलं नाही तर सप्टेंबरात मिशेल संताच्या सणाला मी शेत घोडीवाल्या लागादेकला देणार. जमीन उपाशी ठेवणारं कूळ मला नको."

त्याचंही खोटं नव्हतं. आमच्या वाळूत शेवाळ घातलं नाही तर बटाटा बोटाच्या पेराएवढा होतो. आणि तांगी जाताना बायकोला बोलून गेला होता, शेत राहिलं तर मी परत येईन, नाहीतर तुम्हा दोघांना तिकडे बोलावून घेईन. काटेलला तिकडे जायचं नव्हतं. म्हाताऱ्याला कुणी विचारलं नव्हतं, पण गोदीच्या मागच्या खोलीत तो एक हिवाळा काढू शकला नसता, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

"बार्बा, इथं उभं राहिलं तर चालेल ना?" काटेलने मला विचारलं. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते.

"पायरी काय माझ्या बापाची आहे? ये. मला वारा तरी लागायचा नाही."

ती हसली. तेवढ्यात गुल्व्हेन चर्चच्या दारातून बाहेर आला. डोक्यावर हॅट चढवता चढवता त्याची नजर आमच्याकडे गेली आणि हात तसाच राहिला. मग तो सरळ आमच्याकडे चालत आला. गाव थांबलं. रविवारी गावाला दुसरं काम काय असतं?

"काटेल, खाली उतर."

"बाबा, घोडा नाही आपल्याकडं."

"उतर म्हणतो ना! आपल्या घरातलं माणूस या पायरीवर कधी उभं राहिलेलं नाही."

"मग शेवाळ कशावर आणायचं?"

"मी बघतो."

"काय बघता? सकाळपासून संध्याकाळपर्यंत समुद्र बघत बसता, तेच ना?"

गर्दीत कुणीतरी खिदळलं. म्हाताऱ्याच्या गालाची शीर उडाली. त्याने तिची बाही धरली आणि ओढलं. काटेल अडखळत खाली आली, तिच्या डोक्यावरची पांढरी टोपी कानावर घसरली. ती टोपी सावरत ती सगळ्यांच्या मधून घरी गेली. मला त्याचा असा राग आला की हातातली जपमाळ फेकून मारावी.

"गुल्व्हेन," मी म्हटलं, "पायरी चावत नाही कुणाला."

"तू तुझं बघ, बार्बा."

"माझंच बघतेय. माझी शेजारीण पळवलीस तू."

तो वळला. हॅट घालून गेला.

सोमवारी आम्ही पायरीवाल्या बायका खडकांवर होतो तेव्हा काटेल लागादेकच्या अंगणात उभी होती, घोडी मागायला. हे तिनंच मला नंतर सांगितलं. लागादेक घोडीला खरारा करत होता.

"दिली असती गं," तो म्हणाला, "पण गाभण आहे."

काटेलने घोडीच्या पोटाकडे पाहिलं. पोट आत गेलेलं.

"मागच्या वर्षीही गाभणच होती ना?"

"आमच्याकडं सगळं सावकाश चालतं," लागादेक म्हणाला. मग जरा जवळ येऊन, "शेताचा नाद सोड, काटेल. नवऱ्याकडं जा. तरुण आहेस. म्हाताऱ्याबरोबर वाळू उकरत काय बसतेस? थांब, सफरचंदाची दारू देतो, घोटभर पिऊन जा."

त्याने वाडगा भरून आणला. काटेलने तो घेतला, कुंपणाच्या भिंतीवर ठेवला आणि निघाली. मागे वळून पाहिलं तर कोंबडी त्यात चोच घालत होती.

मंगळवारी घोडेवाल्यांचा दिवस. पायरीवरून उतरवलेल्या काटेलला सोमवार नव्हता, पण मंगळवारची बंदीही नव्हती; ती एकटी उतरली. पहाटेपासून भुरभुर पाऊस होता आणि वारा थेट तोंडावर. खडकांवरचं शेवाळ ओलं, बुळबुळीत, कमरेइतकं लांब. डाव्या हातात जुडी धरायची, उजव्या हाताने मुळाशी विळा फिरवायचा, मागे टाकायचं, पुढे सरकायचं. मार्चचं पाणी गुडघ्यांना असं लागतं की थोड्या वेळाने गुडघे आपले राहत नाहीत. तिच्या दोन्ही बाजूंनी गाड्या भरत होत्या, घोडे फुरफुरत वाळूवर चढत होते. ती कापायची, मग पाठीवरच्या टोपलीत भरून गोट्यांच्या उतारावरून वर आणायची, रिकामी करून परत खाली पळायची. मी किनाऱ्यावर माझं आदल्या दिवशीचं शेवाळ उलटवत बसले होते. माझे हात शिवशिवत होते, पण काय करणार.

दुपारी ओहोटी फिरली. काटेलचा ढीग खडकांमध्ये माणसाच्या उंचीचा झाला होता आणि वर आणलेलं होतं जेमतेम वाफाभर. पाणी आधी ढिगाच्या बुडाशी आलं. ती टोपली भरभरून काढत राहिली, छातीपर्यंत पाण्यात. मग ढीग एका बाजूने सैल झाला, हलला आणि सबंध दिवसाचं काम लाटेवर पसरून निघून गेलं. जाताना तिचा एक बूटही घेऊन गेलं.

गुल्व्हेन धक्क्याच्या भिंतीवर बसून हे सगळं बघत होता. ती वर आली आणि त्याच्या पायाशीच बसली. उरलेल्या बुटातलं पाणी ओतलं. तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या आणि खाऱ्या पाण्याने त्या पांढऱ्या झाल्या होत्या.

"बघितलंत?" तिनं विचारलं.

"बघितलं."

"मग झालं तर."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. म्हातारा उठला आणि घराकडे गेला. थोड्या वेळाने त्यांच्या माळ्यावरून काहीतरी जड खाली पडल्याचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आला.

बुधवारी सकाळी तो किनाऱ्यावर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर दोराचं मोठं वेटोळं होतं. होडी विकली तेव्हा तेवढं एक त्यानं ठेवून घेतलं होतं. एका हातात लांब बांबू, दुसऱ्या हाताने रिकामं पिंप ढकलत आणलेलं. मागे काटेल, पायात त्याचे जुने बूट, बुटांत गवत कोंबलेलं.

"अरेच्चा!" लागादेक गाडीवरून ओरडला. "म्हातारा तराफा बांधतोय! एर्वान गेल्यापासून कुणी बांधला नव्हता!"

खरंच, पूर्वी घोडा नसलेले लोक असंच करायचे. खडकावर दोर अंथरायचे, मधे पिंप ठेवायचं, भोवती शेवाळ रचायचं, दोरांनी आवळायचं आणि भरतीची वाट बघायची. पाणी चढलं की तो ढीग तरंगतो आणि त्याच्यावर बसून माणूस किनाऱ्याला येतो. माझा एर्वान दरवर्षी बांधायचा. मला मनातून आनंद झाला. म्हटलं, चला, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आलं.

काटेल कापत होती, तो रचत होता. मी किनाऱ्यावरून बघत होते आणि बघता बघता माझ्या लक्षात आलं की ढीग लांबट होतोय. मागे रुंद, पुढे निमुळता. गुल्व्हेन दोन पावलं मागे जाऊन मान तिरकी करून बघायचा आणि पुन्हा टोकाला दोन जुड्या लावायचा.

"गुल्व्हेन!" मी तोंडाभोवती हात धरून ओरडले. "हे काय करतोयस? गोल बांध! तराफा गोल असतो!"

"पाण्यावर जाणाऱ्या वस्तूला पुढचं टोक लागतं!"

"ती होडी नाही, खताचा ढीग आहे!"

"असू दे! माझा ढीग सरळ जाईल!"

माझ्या बाजूच्या बायका पोट धरून हसायला लागल्या. जन्मभर होडी हाकलेला माणूस, त्याच्या हातून गोल वस्तू पाण्यात सोडवेना. त्यानं तर मागे उभं राहायला जागासुद्धा ठेवली होती.

भरती आली. ढीग आधी कुरकुरला, मग बुडाशी सुटला आणि खरोखरच तरंगला. काटेल मध्ये पिंपाला मिठी मारून गुडघ्यांवर बसली. ती आतल्या गावची, समुद्राला भ्यायची. गुल्व्हेन मागे बांबू घेऊन उभा, हॅट कानांपर्यंत दाबलेली. खोटं कशाला बोलू, म्हातारा देखणा दिसत होता. कितीतरी दिवसांनी मी त्याची पाठ ताठ पाहिली. सुरुवातीला त्याची ती वस्तू सरळ आली. अगदी होडीसारखी.

मग खाडीच्या तोंडाशी आडवा प्रवाह लागला. त्यानं ते शहाणं टोक धरलं आणि फिरवलं. टोक एकीकडे जाऊ लागलं, बूड दुसरीकडे. निमुळत्या भागावरून दोर सरकला आणि पुढचा सगळा भाग सुटून जुडी जुडी होऊन वाहू लागला. उरलेला ढीग आडवा होऊन मेंढ्यांकडे निघाला. मेंढ्या म्हणजे तिथले काळे खडक. गुल्व्हेनने बांबू टाकला, पण तो तळाला लागेना. काटेलची किंकाळी आम्हाला किनाऱ्यावर ऐकू आली.

या माणसानं वादळात होड्या हाकल्या, डोलकाठी मोडलेली होडी घरी आणली, पण समुद्रावरून कधी कुणाला हाक मारली नव्हती. त्यानं खडकांकडे पाहिलं. काटेलकडे पाहिलं. मग किनाऱ्याकडे वळून घसा फोडून ओरडला, "बार्बा! ए बार्बा! ओढा गं आम्हाला!"

"आपल्याला खडकावर जायचं नाही ना?" माझ्या मागची एकजण म्हणाली.

"खडकावर कोण जातंय? पाण्यात जायला कुणी बंदी केलीय?" म्हणत मी दंताळं उचललं आणि घागऱ्यासकट पाण्यात शिरले. माझ्या मागे सगळ्या. घागरा भिजला की पायांना कुणी ओढतंय असं वाटतं. पाणी पोटाला लागलं, छातीला लागलं. गुल्व्हेनने दोर फेकला, तो अलीकडेच पडला. त्यानं तो ओढून घेतला, पुन्हा फेकला. लाट आली, तोंडात पाणी गेलं, पण दंताळ्याचा दात दोरात अडकला.

"धरा!" मी ओरडले.

सगळ्यांनी धरला. आम्ही पाठ किनाऱ्याकडे करून वाळूत टाचा रोवत मागे मागे आलो. गोठ्यात यायला तयार नसलेल्या गाईसारखा तो ढीग ओढावा लागला. मेंढ्यांना तो घासून गेला, पण थांबला नाही. बूड वाळूला लागलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. काटेल पिंप सोडेना, तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

गुल्व्हेन खाली उतरला. हॅट गेली होती. पांढरे केस कपाळाला चिकटलेले. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि मी म्हटलं, आता हा काहीतरी तिरकं बोलणार.

"पुढचा भाग गेला," तो म्हणाला.

"गोल बांधला असतास तर गेला नसता."

तो खाली बघत राहिला. मिशीतून पाणी टपकत होतं.

"उद्या बांधायला येशील?"

"उद्याही खडक घोडेवाल्यांचे. मला पाय ठेवता येत नाही."

"मग इथून ओरड," गुल्व्हेन म्हणाला. "मी ऐकतो."

आणि ऐकलं त्यानं. गुरुवारी मी उलट्या टोपलीवर बसले आणि घसा बसेपर्यंत ओरडले. डावीकडं भर. अजून भर. दोर खालून घे. टोक नको! तो मुकाट्याने करत होता. मधेच एकदा त्याचा हात पुढच्या बाजूला एक जुडी जास्त लावायला गेला. मी नुसती उभी राहिले, तशी त्यानं जुडी काढली. काटेल पाठमोरी होऊन हसत होती, तिचे खांदे हलताना दिसत होते.

तो गोल तराफा आला तो गरागरा फिरत. प्रवाह त्याला फिरवायचा, पण फोडू शकायचा नाही, कारण धरायला टोकच नव्हतं. फिरता फिरता गुल्व्हेनचं तोंड कधी आमच्याकडे व्हायचं, कधी समुद्राकडे, आणि दर फेऱ्याला ते जास्त हिरवं दिसायचं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला बोट लागली, आणि तीही जिला तो बोट म्हणायला तयार नव्हता तिच्यावर! किनाऱ्याला लागताच तो एका खडकाआड गेला. आम्ही सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं. तेवढी माणुसकी आमच्यात आहे.

मग वाहतूक. आम्हा पायरीवाल्यांकडे गाड्या नाहीत, दोन माणसांनी उचलायच्या लाकडी चौकटी आहेत. दोघी पुढे-मागे धरून टेकाड चढायचं, शेतात ओतायचं, उतरायचं. पाठीचा काटा ढिला होतो. गुल्व्हेनने माझ्या चौकटीचं पुढचं टोक धरलं.

"पावलं जुळव," मी म्हटलं. "तुझ्या ढांगा लांब आहेत."

"तूच जरा लांब टाक."

"माझे गुडघे तुझ्याहून जुने आहेत."

त्यानं पावलं आखूड केली. काटेल वर दंताळ्याने शेवाळ पसरत होती. दुपारी तिनं कुट्टूच्या पिठाची धिरडी आणि खारवलेलं डुकराचं मांस आणलं, आणि आम्ही सगळे बांधावर बसून खाल्लं. शेतातून समुद्राचा वास येत होता. शुक्रवारी आणखी एक तराफा आणला. शनिवारी वाळू कुठं दिसेना, सगळं शेत तांबडं-तपकिरी.

ईस्टरच्या आदल्या दिवशी मालक केरुएल आला. त्याच्या मागे लागादेक, जणू शेत मोजायलाच आलेला. केरुएलने काठीने शेवाळ उकरलं, खाली वाळू किती खोल आहे ते पाहिलं.

"कुणाच्या गाडीनं आणलंत?"

"गाडी नव्हती," काटेल म्हणाली.

"मग हे इतकं?"

काटेलने सासऱ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. म्हाताऱ्याने नवी घेतलेली हॅट डोक्यावरून काढली.

"या बायकांनी आणलं," तो म्हणाला. "पायरीवरच्या. मी हाक मारली, त्या आल्या."

केरुएलने काठीचं टोक बुटाला पुसलं. "ठीक आहे. मिशेलच्या सणाला खंड घेऊन या. शेत तुमच्याकडंच राहील."

लागादेक आल्या वाटेने गेला. काटेल मटकन बांधावर बसली आणि एप्रनमध्ये तोंड घालून रडली. रडू दे म्हटलं. किती दिवसांचं साठलं होतं.

त्या वर्षीचा बटाटा माझ्या मुठीत मावत नव्हता. जूनमध्ये योहान संताच्या होळीला तांगी खणायला म्हणून आला. त्यानं दाराजवळच्या खुंटीला आपली पिशवी अडकवली. ती परत कुणी खाली काढली नाही. आता काटेल तिच्यात कांद्याचं बी ठेवते.

मग पुन्हा मार्च आला. शेवाळाच्या आधीचा रविवार. प्रार्थना संपली आणि मी माझ्या जागेवर जायला वळले, तर तिथे आधीच कुणीतरी उभं होतं. गुल्व्हेन. प्रार्थना संपायच्या आधीच बाहेर पडला असणार. हॅट हातात, वारा डोक्यावर, नजर सरळ समोर. गाव बाहेर आलं आणि जागच्या जागी थांबलं. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"गुल्व्हेन, तूसुद्धा?" लागादेक मोठ्यांदा म्हणाला.

"घोडा नाही माझ्याकडं," गुल्व्हेन म्हणाला. "आणि तुझी घोडी तर गाभण."

सगळं चर्चचं आवार हसलं. लागादेकची बायकोही.

काटेल दारात उभी होती. मागच्या वर्षीची बाही तिच्या अजून लक्षात होती, तिचे पाय पुढे येत नव्हते. गुल्व्हेन पायरीवरून उतरला, सगळ्यांच्या देखत तिच्याजवळ गेला, तिची तीच बाही धरली आणि तिला घेऊन आला. या वेळी त्यानं ओढलं ते वर. काटेलने एका हाताने टोपी धरून ठेवली होती, पण ती घसरली नाही.

"सरक गं बार्बा," गुल्व्हेन म्हणाला. "सुनेला जागा दे."

मी सरकले. पायरी अरुंद आहे, पण तेवढी जागा होती.